विंगेतून दिलेला शब्द

आमच्या नाट्य मंडळाची स्मरणिका निघणार आहे. प्रुफं तपासायला माझ्याकडे आली. मी निवृत्त मराठीचा शिक्षक, त्यामुळे गंगाखेडात कुणाची लग्नपत्रिका असो की श्रद्धांजलीचं पत्रक, एकदा माझ्या नजरेखालून जातं. स्मरणिकेत 'आमची वाटचाल' असा एक लेख आहे. त्यात एक वाक्य आहे : 'जिल्ह्याच्या स्पर्धेत प्रमुख कलावंत ऐन वेळी संवाद विसरल्याने आपला प्रयोग अर्धवट राहिला.' मी 'ऐन वेळी' जोडून लिहायचं की तोडून, एवढं पाहिलं आणि पुढे गेलो. दोन पानं पुढे गेल्यावर परत आलो.

ते वाक्य खोटं आहे. हे माहीत असलेली दोन माणसं होती. त्यातलं एक गेल्या वर्षी वारलं. उरलेलं माणूस मी.

मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. शाळेच्या एका खोलीत तालमी आणि वर्षाला एक नाटक. पण पहिल्यापासून एक नेम होता : नाटक बाहेरचं घ्यायचं नाही, आपल्या भागातल्या जुन्या गोष्टींमधूनच करायचं. रविवारी आम्ही आसपासच्या गावांत जायचो. म्हाताऱ्या माणसांपाशी बसायचो. पूल नव्हता तेव्हा गंगा, म्हणजे आमची गोदावरी, कशी ओलांडायचे, हैद्राबादच्या राज्यात कचेरीत काय चालायचं, बाजार कुठं भरायचा, असलं विचारायचो. ते ऐकून मी नाटक लिहायचो. दिग्दर्शक एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर माइकवर गाड्या पुकारून त्यांचा आवाज तसाच झाला होता. तालमीतही ते 'दुसरा प्रवेश सुटण्याच्या तयारीत आहे' असं म्हणायचे. आज ते मंडळाचे अध्यक्ष आहेत.

राणीसावरगावच्या बाजूला एका म्हातारीनं आम्हाला एक हकिकत सांगितली. निजामाच्या काळात त्यांच्या गावाला सरकारी कागद आला. उर्दूत. गावात वाचणारा कुणी नाही. तेव्हा येसकराला, म्हणजे गावाचे निरोप पोचवणाऱ्या माणसाला, तो कागद देऊन पाठवलं. तो चार गावं पायी फिरला. दारोदार कागद दाखवत गेला. चौथ्या गावात एक म्हातारा मुन्शी भेटला, त्यानं वाचला. कागदात लिहिलं होतं, या गावाला मदरसा मंजूर. शाळा मंजूर झाल्याचा कागद, आणि तो वाचायला गावात कुणी नव्हतं.

मी त्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत नाटक लिहिलं. 'कागद'. माझं तेच एक बरं नाटक असं मला तेव्हा वाटायचं.

येसकराचं काम एका गवंड्याला दिलं. तो मंडळात पहिल्यापासून होता. नेपथ्यातल्या पायऱ्या, चौथरे, दाराच्या चौकटी तोच बांधायचा आणि काम मिळालं तर करायचाही. आवाज चांगला. त्याचे वडील आंबेडकरी जलशात गायचे. येसकराचं काम पूर्वी त्यांच्याच घराकडे असायचं. धर्मांतरानंतर वडिलांनी येसकराची काठी ठेवून दिली आणि पुन्हा हातात घेतली नाही. त्यामुळे हे काम तो करील का, अशी मला शंका होती. तो हसला.

"करतो की गुरुजी. माझ्या आज्यानं जलमभर केलंय. मला काय शिकवायलाव तुमी?"

तो चौथीपर्यंत शिकलेला होता. वाचायचा, पण बोट ठेवून, सावकाश. म्हणून त्याची वाक्यं मी वाचून दाखवायचो आणि तो कानानं पाठ करायचा. दोनदा ऐकलं की झालं. तिसऱ्या प्रवेशात येसकर एका देशमुखाच्या दारात येतो, ते मी वाचलं : "जोहार मायबाप, सरकारचा कागद आलाय."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"गुरुजी, ह्ये न्हाई."

"काय नाही?"

"ह्यो पयला शब्द."

"अहो, त्या काळी येसकराला दारात असंच म्हणावं लागायचं. इतिहास आहे तो."

"म्हनूनच न्हाई. माझ्या बापानं टाकला त्यो शब्द. मी उचलनार न्हाई. खेळात बी न्हाई."

आवाज चढला नव्हता. विटेला चीर आहे, ही लावू नका, असं सांगावं तसं तो म्हणाला.

दिग्दर्शक म्हणाले, "मग दारात येऊन करणार काय? मुक्यानं उभा राहतो का?"

तो उठला. खोलीच्या दारापर्यंत गेला आणि तिथून आत आला. उंबऱ्याबाहेर थांबला. घरातली म्हणून जी चार माणसं बसली होती त्यांच्याकडे त्यानं एकेक करून पाहिलं. सगळ्यांकडे पाहून झाल्यावर हातातलं वर्तमानपत्र वर धरलं.

"कागद आनलाय. हाय का कुनी वाचनारं घरात?"

 मग सगळे हसले, टाळ्या पिटल्या. दिग्दर्शक आपल्या पुकारायच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमची चाळीस पानं एकीकडं आणि ही एक ओळ एकीकडं!"

मीही हसलो.

त्या ओळीआधी त्यानं घेतलेला पॉज दिग्दर्शकांनी तसाच ठेवला. चार माणसं, प्रत्येकाला दोन आकडे, म्हणजे मनात आठ मोजायचे आणि मग बोलायचं. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे होतं. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि कुणी अडखळलं तर वाक्याचा पहिला शब्द हळूच द्यायचा. आम्ही त्याला शब्द देणं म्हणायचो. त्याचा साधा नियम आहे. नट विसरला तर शब्द द्यायचा, नट थांबला असेल तर द्यायचा नाही. विसरलेला माणूस आणि थांबलेला माणूस यांतला फरक प्रॉम्प्टरला कळावाच लागतो. मला कळायचा.

त्याची ओळ मी वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून घेतली. मूळ शब्दांना कंस केला.

"खोडलं का गुरुजी?" त्यानं विचारलं.

"खोडलं."

खोडलं नव्हतं. तेव्हा त्यात काही कपट होतं असं नाही. शाईनं लिहिलेलं आपलं वाक्य खोडायला हात झाला नाही, एवढंच. तो वहीत बघणार नव्हता.

पुढच्या तालमींत एक गोष्ट होत गेली. बाकीचे नटही त्याला विचारू लागले, हे आपल्याकडं कसं म्हणतील? तो सांगायचा. 'मी तुला सांगितले होते' असं मी लिहिलेलं असायचं, त्याचं 'म्या तुला सांगितलं व्हतं' व्हायचं. नाटक त्यामुळे चांगलं होत होतं. ते मला दिसत होतं. मी पेन्सिलीनं समास भरत होतो. कुणी माझा अपमान केला नाही. सगळे मला गुरुजीच म्हणत होते. पण नाटक माझं राहिलं नाही असं वाटायला लागलं, आणि ते वाटणं मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

स्पर्धा परभणीला होती, दुपारी. आम्ही सामान टेम्पोत टाकून सकाळीच निघालो. वाटेत पोखर्णीला दिग्दर्शकांनी टेम्पो थांबवला. नारळ फोडून येतो म्हणाले. सगळे नृसिंहाच्या देवळाकडे गेले. तो गेला नाही. मी त्याच्यासोबत चहाच्या टपरीवर बसलो. त्यानं दोन चहा सांगितले.

"गुरुजी, लय धडधड व्हायलीय बगा. एवढी मोठी भिंत बांधताना होत न्हाई."

"पाठ आहे की सगळं."

"पाठ हाय. तरी चुकलो तर शब्द देजो."

"देतो ना."

"त्यो कंसातला न्हवं हां." आणि हसला.

म्हणजे वहीत कंस आहे हे त्याला माहीत होतं. कधी तरी बोट ठेवून वाचलं असणार. मी खोडलं म्हणालो होतो, तेही त्याच्या लक्षात असणार. तो चहा फुंकून प्यायला. मला तिथं लाज वाटायला हवी होती. मला राग आला. तो राग मला आज समजावून सांगता येत नाही. पकडला गेल्याचा असावा.

प्रयोग चांगला चालला होता. पहिल्या दोन प्रवेशांना टाळ्या पडल्या. परीक्षक पुढच्या रांगेत होते. तिसऱ्या प्रवेशात तो दाराशी आला. उंबरा त्यानंच बनवला होता, खऱ्या लाकडाचा. तो उंबऱ्याबाहेर थांबला. पहिल्या माणसाकडे पाहिलं. दुसऱ्याकडे पाहिलं. मीही मनात आकडे मोजत होतो. सभागृह इतकं शांत होतं की वरच्या पंख्याची खरखर ऐकू येत होती. तिसऱ्या माणसाकडे तो पाहत होता, सहावा आकडा होता. मी शब्द दिला.

"जोहार मायबाप."

हळू दिला नाही. पुढच्या रांगेला ऐकू गेलं. तिथं कुणीतरी हसलं. नट विसरला आणि विंगेतून आवाज आला की प्रेक्षक हसतात तसंच.

त्यानं विंगेकडे पाहिलं. माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं ते मी पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला. काही विशेष नव्हतं. दिलेला शब्द बरोबर आहे का, एवढंच तो तपासत असावा. त्या वेळी मला त्याची ओळ देता आली असती. ती समासात होती, आणि मला पाठ होती. मी तोच शब्द दुसऱ्यांदा दिला.

तो बोलला नाही. हातातला कागद त्यानं उंबऱ्यावर नीट ठेवला, उडू नये म्हणून वर शेजारचा तांब्या ठेवला आणि पलीकडच्या विंगेतून निघून गेला. देशमुखाच्या घरातली चार माणसं तशीच बसून राहिली. मग पडदा पाडावा लागला.

आत दिग्दर्शक ओरडत होते. "काय झालं? अरे झालं तरी काय तुला?"

तो तोंडावरचा रंग पुसत होता. मी दारात उभा होतो, हातात वही. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"विसरलो," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो सांगेल. त्याच्याकडे सांगायला सगळं होतं. तो विसरलो म्हणाला आणि मी ते तसंच राहू दिलं. परतीच्या वाटेवर दिग्दर्शक मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही दोनदा शब्द दिलात, तरी त्याला धरता आला नाही." मी म्हणालो, "होतं असं." त्यांना कोणता शब्द दिला ते कळलं नव्हतं. ते मागे दिव्यांपाशी होते. देशमुखाच्या घरातल्या चौघांनी ऐकला होता, पण तो स्वतःच विसरलो म्हणाल्यावर मी वहीतलं जुनं वाक्य वाचलं असेल असं त्यांनी धरलं.

तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला नाही. मंडळ सोडलं नाही. पायऱ्या बांधल्या, चौकटी बांधल्या, टेम्पोत सामान चढवलं. पण काम देऊ केलं की म्हणायचा, "मला धरू नका. मी विसरतो." गावात गोष्ट पसरली. मोंढ्याच्या बाजारात, बसस्थानकावर लोक त्याला हाक मारायचे, "काय मिस्तरी, आठवलं का?" तो म्हणायचा, "अजून न्हाई." लोक हसायचे. तो हसायचा. पुढे पुढे ती त्याची ओळखच झाली. ज्यांनी ते नाटक पाहिलंही नव्हतं तेही म्हणायचे, आठवलं का.

मी ते ऐकायचो. कधी मी सोबत असायचो. तो मला रोज भेटला की 'जयभीम गुरुजी' म्हणायचा, आधी म्हणायचा तसंच. मी मान हलवायचो, आधी हलवायचो तशीच. वर्षं गेली. मला झोप लागत नव्हती असं काही नाही. जेवण जात होतं, मुलांची लग्नं झाली, निवृत्त झालो. ती गोष्ट माझ्यात कुठंतरी पडून होती आणि दुखत नव्हती. न दुखणारी गोष्ट माणूस डॉक्टरला दाखवत नाही.

यात जात होती का, असं कुणी विचारील. मी स्वतःला विचारलं आहे. त्या दिवशी मी चिडलेला होतो आणि मला चुकीचा शब्द द्यायचा होता. चाळीस पानांच्या वहीत चुकीचे शब्द पुष्कळ होते. मी तो दिला. एवढं ठाम सांगता येतं.

गेल्या वर्षी तो गेला. मंडळानं शोकसभा घेतली. अध्यक्ष चांगलं बोलले, पण शेवटी म्हणाले, "आता वर तरी आमच्या मिस्तरीला ते वाक्य आठवलं असेल." लोक हळूच हसले. पुढच्या रांगेत त्याची मुलगी बसली होती. ती माझी विद्यार्थिनी, आता स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि मंडळाची नाटकं बसवते. ती प्रॉम्प्टर ठेवत नाही. सगळ्या नटांची सगळी वाक्यं तिला पाठ असतात. आमच्या घराण्यात विसरायचा रोग आहे, असं ती गमतीनं सांगते. त्या दिवशी सगळ्यांबरोबर तीही हसली. मी पाहिलं.

तरीही मी एक वर्ष काही केलं नाही. मग ही प्रुफं आली.

आधी अध्यक्षांना फोन केला. सगळं सांगितलं.  मग ते म्हणाले, "गुरुजी, आता कशाला उकरायलाव? माणूस गेला. तुमचं वय झालं. ती ओळच काढून टाकू आपण. त्याच्या पोरीचं बी बरं, तुमचं बी बरं."

ओळ काढली असती तर छापील कागदावर काही राहिलं नसतं. गावाच्या तोंडी मात्र 'आठवलं का' राहिलंच असतं. मी होय-नाही न म्हणता फोन ठेवला. जे घडलं ते एका कागदावर लिहिलं आणि जुनी वही, प्रुफं आणि तो कागद घेऊन रविवारी सकाळी तिच्या घरी गेलो.

ती ओट्यावर वह्या तपासत होती.

"सर, या ना. फोन करायचा, मीच आले असते."

"एक कागद आणलाय," मी म्हणालो. "वाचून बघ."

तिनं दारातच उभं राहून वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग वहीसाठी हात पुढे केला. मी तिसरा प्रवेश काढून दिला. कंसातला शब्द जसाच्या तसा होता. समासातली पेन्सिल फिकी झाली होती. ती ओळ तिनं उजेडाकडे धरून वाचली, अभिनय न करता.

"कागद आनलाय. हाय का कुनी वाचनारं घरात." मग विचारलं, "ही बाबांची?"

"हो."

"किती थांबायचे ते?"

"आठ आकडे."

"आणि तुम्ही?"

"सहाव्यावर दिला."

"दोनदा."

"दोनदा."

तिनं वही मिटली. "मी एकदा विचारलं होतं त्यांना. बाबा, नेमकं कुठलं वाक्य विसरलात तुम्ही? तर म्हणाले, विसरलो त्ये कसं सांगू?" ती थोडी हसल्यासारखी झाली. मग ते थांबलं. "मी हसले होते हो, सर. आईपण."

 मी खिशातून पेन काढलं आणि म्हणालो, "हा शब्द आता तरी खोडतो."

"नको," ती म्हणाली. "वहीत राहू द्या. तुम्ही जे लिहून आणलंय त्यातही राहू द्या, तुम्हीच दिला होता तो. बाबांच्या ओळीत नको फक्त." मग तिनं प्रूफ उघडलं. "हे वाक्य काढायचं नाही. दुरुस्त करायचं. लिहा."

मी ओट्यावर टेकून 'प्रमुख कलावंत ऐन वेळी संवाद विसरल्याने' वर रेघ मारली आणि वर लिहिलं : 'तिसऱ्या प्रवेशात विंगेतून चुकीचा शब्द दिला गेल्याने'. तिला दाखवलं.

"दिला गेल्याने," तिनं वाचलं. "सर, सातवीत तुम्हीच शिकवलंय आम्हाला. कर्ता कुठाय यात? विंगेला तोंड असतं का?"

मी ते खोडून माझं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.

"आणि 'चुकीचा' कसा? चूक झाली होती का?"

'चुकीचा' खोडून 'मुद्दाम भलताच' असं लिहिलं. पुढे तिनं सांगितल्याप्रमाणे, 'तो शब्द उच्चारण्यास नकार देऊन कलावंत बाहेर पडले,' आणि त्याखाली त्याची ओळ, अवतरणात, त्याच्याच बोलीत. आनलाय, आणलाय नव्हे. तिनं ते दोनदा बघितलं. चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

प्रुफं घ्यायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "हे मी छापखान्यात देते." आणि घडी घातली.

मी पायऱ्या उतरलो. त्या पायऱ्या त्यानंच बांधलेल्या आहेत, सारख्या उंचीच्या. शेवटच्या पायरीवर होतो तेव्हा तिनं वरून विचारलं, "सर, 'विसरल्याने' खोडलंय ना?"

"खोडलंय," मी म्हणालो.

तिनं घडी उलगडून पाहिलं.